याडीचा वाल आणि हिरवी घोरपड

माझ्या लेकीने पुण्याहून तो आणला तेव्हा मी पहिलंच विचारलं, "हे चावतं का?" ती म्हणाली, "आई, शुद्ध शाकाहारी आहे. तुझ्यापेक्षाही." मी आठवड्यातून एकदा अंडं खाते, त्यावरचा हा टोमणा. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या खोक्यातून तिने त्याला बाहेर काढलं. शेपटीसकट हातभर लांब, पोपटी हिरवा, मानेपासून पाठीवर मऊ काट्यांची रांग, गळ्याखाली कातडीची झालर. इग्वाना म्हणतात, असं ती म्हणाली. समुद्रापलीकडच्या उष्ण जंगलातला सरडा, शहरातले लोक हौसेने पाळतात. तिला नोकरीसाठी वर्षभर परदेशी जायचं होतं आणि सोबत नेता येत नव्हता. "एका वर्षाचा तर प्रश्न आहे," ती म्हणाली. आया अशाच वाक्यांना फसतात.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या टोकाला राहते. नवरा गेल्यापासून एकटीच. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मागच्या न्हाणीघराचा वापर बंद होता, तिथे त्याची सोय केली. उन्हाळा आला. पुण्याचे पाहुणे आमच्याकडे आले की दारातच "बाई गं, काय हे ऊन" म्हणून बसकण मारतात. हा मात्र खिडकीतून येणाऱ्या मे महिन्याच्या उन्हात पोट टेकून असा पसरायचा, जणू त्याचं माहेरच हे. विदर्भाच्या उन्हाला नावं न ठेवणारा तो पहिला पाहुणा होता आणि त्यासाठी मी त्याचं कौतुकही केलं. दिसायलाही देखणा होता, खोटं कशाला बोलू. पाला खाताना डोळे अर्धे मिटायचा.

त्याचा पाला याडीकडून यायचा. आमच्या घरामागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. तिथून ती रोज सकाळी भाजीची टोपली डोक्यावर घेऊन गावात येते. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. माझ्याहून ती आठ-दहा वर्षांनीच मोठी असेल, पण सगळं गाव तिला याडीच म्हणतं, मीही म्हणते. मी तिच्याकडून रोज तांदुळजाच्या तीन जुड्या घ्यायची. तिने कधी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अख्खा गाव माझ्या न्हाणीघराच्या खिडकीशी रांग लावून उभा राहिला असता, आणि माझा स्वभाव तसा तापट.

याडीच्या टोपलीतली खरी चीज तांदुळजा नव्हे, वाल. जांभळ्या कडेच्या, चपट्या, हाताला किंचित खरखरीत शेंगा. बाजारातल्या वालाला ती चव नाही. तिच्या सासूला तिच्या सासूने दिलेलं बी, असं ती सांगते. तांडे बैलांच्या पाठीवर माल लादून फिरायचे त्या काळात ते कापडाच्या गाठीत बांधून फिरलं म्हणे. तांड्यात आता तो वेल कोणाकडे उरला नाही, फक्त तिच्या झोपडीवर चढतो. दोन लेकींना लग्नात तिने बी दिलं होतं. दोघींच्या सासरी कपाशीवरच्या फवाऱ्याने वेल जळाला. मागच्या वर्षीचं साठवलेलं बी भुंग्याने पोखरलं होतं, त्यातून निवडून जे धड निघालं ते सगळं तिने आषाढात लावून टाकलं. उगवले दोनच वेल. फाल्गुनात नातीचं लग्न ठरलेलं, आणि तिला ओटीत घालायला बी हवं होतं. म्हणजे त्या वर्षी जे काही होतं ते त्या दोन वेलांवर होतं. हे ती मला आषाढातच सांगून गेली होती, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पावसाळ्यात त्या पाहुण्याचं आणि माझं बिनसलं. ऊन नाही म्हणून तो रुसून बसायचा, खायचा कमी आणि घाण जास्त. दाराला नखं घासत राहायचा. एकदा पाणी बदलताना मनगटावर असा ओरखडा काढला की आठ दिवस पोळी लाटता आली नाही. मग नागपंचमी आली. आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. भाजी चिरायची नाही म्हणून मी त्याचा पालाही चिरला नाही. तो उपाशी, मी वैतागलेली. मनात आलं, आजच्या दिवशी सरपटणाऱ्या जीवाला कोंडून ठेवणं बरं नव्हे, जंगलाचं जनावर जंगलात गेलेलं बरं. मी न्हाणीघराचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पुरणाच्या दिंडांचं पाणी आधणाला ठेवलं. परत आले तेव्हा तो नव्हता. लेकीला फोनवर सांगितलं, पळाला. पुण्यकर्म करून वर खोटं बोलले. खरं कारण पुण्य नव्हतंच, मी कंटाळले होते.

भाद्रपदात गावात बातमी आली की तांड्यात याडीच्या झोपडीजवळच्या निंबावर हिरवी घोरपड दिसली. आमच्या भागातल्या माणसांना घोरपड चांगली ठाऊक असते. ती कुठे राहते, काय खाते, सगळं. अंडी खाते, पिल्लं खाते, कोंबडीही सोडत नाही. झालं, तांड्यातल्या झाडून साऱ्या कोंबड्या खुराड्यात गेल्या. खुराड्यांना काटे लावले, वर दगड ठेवले. एकाने तर कोंबड्यांवर पहारा करायला दारात खाट टाकली. घोरपड हिरवी का, हे कोणी विचारलं नाही. पावसात सगळंच हिरवं होतं, असं एक म्हातारा म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. महिनाभर एकही अंडं गेलं नाही, तेव्हा लोक आपल्याच बंदोबस्तावर खूश झाले.

आणि सगळे कोंबड्या राखत असताना कार्तिकात याडीच्या वेलाची फुलं जाऊ लागली. आधी कोवळे शेंडे, मग पानं, मग फुलांचे तुरेच्या तुरे. याडीच्या शेजारी तिची धाकटी जाऊ राहते, तिच्याकडे चार बकऱ्या. पाला खाल्ला म्हटल्यावर संशय कोणावर येणार? याडी बोलायला कडक, जाऊ तिच्याहून कडक. पस्तीस वर्षं एका चुलीची राख वाटून घेतलेल्या त्या दोघी त्यांच्या बोलीत एकमेकींना काय काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण नाल्याच्या अलीकडे ऐकू येत होतं. त्यानंतर दोघींचं बोलणं बंद. जावेने रागाने बकऱ्या आखूड दाव्याने बांधून टाकल्या. त्या दिवसभर ओरडायच्या.

पाच-सहा दिवसांनी याडी माझ्या ओट्यावर टोपली उतरवून बसली. नेहमीसारखी भावाची घासाघीस नाही, काही नाही. म्हणाली, "मास्तरीनबाई, बकऱ्या बांधेल हायेत तरी वेल खाऊन राह्यलं कोनीतरी."

"वानेर असतील," मी म्हटलं.

"वानेर ओरबाडते, फांद्या मोडते. हे कसं, कात्रीनं कापल्यासारखं हाये. अन् बकरी खालून खाते. हे वरून खाल्लं." तिने एक पान माझ्यापुढे धरलं. कडेला अर्धगोल, साफ चावा. तसे चावे मी सहा महिने पाहिले होते. न्हाणीघर रोज मीच झाडत होते ना. पण मी ते पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हटलं, "कीड असंल." तीस वर्षं पोरांना निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष शिकवलेल्या बाईचा हा निष्कर्ष. याडीने पान परत घेतलं, पदराला बांधलं आणि गेली.

मला वाटलं ती पोरांना दगड घेऊन निंबाखाली बसवेल. तिने तसं काही केलं नाही. नातीच्या लग्नाच्या कांचोळीवर, म्हणजे त्यांच्या आरसेकामाच्या चोळीवर, ती कशिदा काढत होती. ते काम घेऊन ती रोज सकाळी झोपडीसमोर बसू लागली. मी दोनदा मुद्दाम नाल्यावर जाऊन पाहिलं. तिचा हात सुईवर आणि डोळे निंबावर. आरसे लावत, टाके घालत ती तासन्‌तास बसायची, आणि कोणी बोलायला आलं तर मान हलवायची फक्त. मी कित्येक पर्यवेक्षक पाहिले, तपासणीला आलेले साहेब पाहिले, पण असं बघणं मी पाहिलं नाही. तिला काय दिसतंय याची मला धास्ती होती, आणि ती कशी बघते याचं कौतुकही होतं. दोन्ही एकाच वेळी.

तिने जे टिपलं ते तिने मला नंतर सांगितलं. ऊन निंबाच्या शेंड्यावर येईपर्यंत ते जनावर हलत नाही. मग एकेक फांदी पुढे येऊन ऊन खातं, चांगलं तापल्यावरच खाली उतरून वेलावर येतं. दुपारी खाऊन परत वर. थंडी जितकी जास्त तितकं उशिरा हलतं. कोंबडी पायाशी दाणे टिपत असली तरी तिच्याकडे पाहत नाही. आणि माणसाला पाहून घोरपडीसारखं पळत नाही. "एक दिवस मी हातात तांदुळजाची काडी धरली," ती म्हणाली, "तर माह्या हातातली काडी खाल्ली त्यानं. कोनाच्या तरी हातचं खाऊन मोठं झालेलं जनावर हाये." तांड्यात एक-दोघे त्याच्या रश्श्याची स्वप्नं पाहत होते. त्यांना तिने बजावून ठेवलं होतं, मालक कळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

मार्गशीर्षात थंडीची लाट आली. याडी भाजी द्यायला आली आणि म्हणाली, "उद्या दिवस निंगाल्याबरोबर तांड्यात ये. मले एक मानूस कमी पडून राह्यलं." मला नाही म्हणता आलं नाही.

मी गेले तेव्हा निंबाखाली धुकं होतं. याडी हातात चिंचा पाडायची लांब आकडी घेऊन उभी. तो एका खालच्या फांदीवर चिकटून पडला होता, हिरवेपणा जाऊन करडा झालेला. खाली एक गोधडी पसरली होती, आणि गोधडीला चार टोकं असतात. दोन मी धरली. याडीने शेजारच्या झोपडीकडे पाहिलं. दारात जाऊ उभी होती, बकरीच्या दाव्याशी उगाच चाळा करत. याडी म्हणाली, "धर." महिन्याभरानंतरचा पहिला शब्द तोच. जाऊ आली आणि तिने उरलेली दोन टोकं धरली.

याडीने आकडी फांदीला अडकवून एकदाच हिसका दिला. तो लाकडासारखा गोधडीत आदळला. पाय ताठ, डोळे मिटलेले.

"मेलं वाटते," जाऊ म्हणाली.

"मेलं नाई. गारठलं," याडी म्हणाली. "थंडीत याचं आंगच चालत नाई. ऊन लागलं का उठते. म्हून तर ही येळ पाह्यली."

शीत रक्ताचे प्राणी हा धडा मी तीस वर्षं शिकवला. फळ्यावर लिहून दिला, पेपरात विचारला, चुकला तर गुण कापले. तीन महिने तो निंबावर होता आणि मला एकदाही सुचलं नाही की थंडीत याला हाताने उचलता येईल. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ते रोज सकाळी बसून शोधून काढलं होतं. मला अभिमान वाटला तिचा, अगदी माझीच विद्यार्थिनी पहिली आल्यासारखा, आणि पुढच्याच क्षणी तितकीच लाज वाटली. समोर जाऊ होती. तिच्या बकऱ्यांच्या गळ्यांवर दाव्याचे वळ दिसत होते.

"हा माझा आहे," मी म्हटलं. "लेकीनं आणला होता. नागपंचमीला मीच सोडला. पान दाखवलं त्याच दिवशी मला कळलं होतं, मी बोलले नाही."

जाऊ माझ्याकडे वळली. तिने मग जे काही ऐकवलं ते तिच्या बोलीत होतं, पण या खेपेला मला सगळं कळलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. याडी शांतपणे गोधडीची टोकं बांधत होती.

"मले मालूम व्हतं," ती म्हणाली. "उन्हाळाभर तू एकली बाई रोज तीन जुड्या तांदुळजा नेत व्हती. मनलं, हे मानूस आहे का म्हैस? अन् नागपंचमीपासून एक जुडी नाई. त्यानं माह्या हातून तांदुळजा खाल्ला तवाच समजलं."

"मग बोलली काहून नाही?"

"मी बोलली असती त तू कीडच मनली असती," याडी म्हणाली. "तुह्या तोंडून येऊ दे मनलं. पन लई येळ लावला तू." एवढं बोलून ती जावेकडे वळली आणि त्यांच्या बोलीत हळू आवाजात काहीतरी म्हणाली. जावेने आत जाऊन चहा ठेवला. तीन कप आणले. माझा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला, ते तिचं बरोबरच होतं.

त्याला मी पुन्हा न्हाणीघरात ठेवलं, गोणपाट गुंडाळून. लेकीला फोन करून खरं सांगितलं. ती मला चांगलीच बोलली. म्हणाली, आई, काही देशांत असेच हौसेने आणलेले सोडून दिले आणि ते इतके वाढले की कालव्यांच्या कडा पोखरतात, बागा फस्त करतात, तिथल्या मूळच्या जीवांच्या जागा घेतात. आपल्या भिंतीवरची साधी पाल जहाजांतून दूरदूर गेली, तिथेही तिने तिथल्या पालींना हुसकावलं. तुझा एकटाच होता म्हणून निभावलं. पुण्यात रीतसर परवानगी घेऊन असे प्राणी सांभाळणारं कोणी तिने शोधलं, आणि पंधरा दिवसांनी माणूस येऊन त्याला घेऊन गेला. जाताना त्याने गळ्याची झालर हलवली. देखणा होता तो, त्याची चूक काहीच नव्हती. पालीची गोष्ट मी याडीला सांगितली तर ती म्हणाली, "आपल्या घरची गरीब लेक सासरी जाऊन अशी निंगाली मन."

वेलांचं मात्र काही खरं नव्हतं. एक पार वाळला. दुसऱ्याचं खोड हिरवं होतं, त्याला याडीने रोज राख आणि शेणपाणी घातलं, थंडीत रात्रीचं पोतं पांघरलं. पौषात एक शेंडा फुटला. मी रोज सकाळी नाला ओलांडून बघायला जायची. मला तिथे कोणी बोलावत नव्हतं आणि कोणी जा म्हणतही नव्हतं. माघात त्याला फुलं आली, मग थोड्या शेंगा. याडीने त्यातली एकही खाल्ली नाही, विकली नाही, वेलावरच वाळू दिली. जाऊ आपल्या बकऱ्यांना त्या बाजूने नेताना काठी आडवी धरायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मी तांड्यात गेले तेव्हा याडी सुपात शेंगा फोडत होती. सगळं मिळून मूठभर बी निघालं, तेही लहान-मोठं. तिने निवडून त्याचे तीन वाटे केले. एक नवऱ्या मुलीच्या ओटीत घालायच्या कापडात बांधला. दुसरा राखेत घोळून डबीत ठेवला. तिसरा तिने जावेच्या हातावर घातला, आणि जावेने त्यातले अर्धे दाणे उचलून परत सुपात टाकले. याडीने ते सुपातले दाणे माझ्यापुढे केले.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "याडी, माझ्यामुळं तर सारं गेलं. आधीच कमी आहे. मला कशाला?"

"कमी हाये म्हूनच," ती म्हणाली. "एकाच घरी ठिवलं, ते माही चूक झाली. एक जनावर आलं न सारं संपलंच असतं. आता चार घरी राहीन. तुह्याकडं फवारा नाई, बकरी नाई. अन् तू आता झोपनार नाई याच्यापायी, मले मालूम हाये."

जाऊ दारात उभी होती. म्हणाली, "घे न मास्तरीन. तिनं मले इचारलं, मी हो मनलं."

मी ओंजळ पुढे केली. सात दाणे होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.